चिमणसाळीला अत्तर

नांदेडच्या इतवाऱ्यात मकबूल अत्तरवाल्यांचं दुकान एवढं अरुंद, की जाडजूड गिऱ्हाईक आत शिरलं तर मकबूलभाईंना पोट आत ओढून उभं राहावं लागे. नाक मात्र आत ओढता येत नसे. ते नाक मोठं, आणि त्याची कीर्ती त्याहून मोठी. गोदावरीच्या पलीकडं कुणाच्या पुरणात जायफळ पडलं आणि कुणाच्या पुरणात नुसतीच वेलची, हे ते अलीकडच्या घाटावर बसून सांगतात, असं लोक म्हणत. लोक म्हणजे बहुतेक वेळा मकबूलभाई स्वतःच.

त्यांचे आजोबा म्हणे एका नवाबाच्या हत्तीला अत्तर लावायला जात. अत्तरात भिजवलेल्या कापसाचा बोळा, म्हणजे फाया, कानात खोचायची रीत. एकदा गडबडीत हत्तीच्या डाव्याच कानात फाया गेला, उजवा राहिला. तर तो हत्ती वासाच्या नादानं सबंध मोहरमभर डावीकडंच गोल गोल फिरत राहिला, आणि नवाबसाहेबांना घरी जायला मिळालं नाही. खरं-खोटं हत्तीला ठाऊक.

पण या नाकालाही एका वासानं हरवलं होतं. धर्माबादजवळ नदीकाठच्या एका खेड्यात त्यांचे दोस्त अण्णाराव राहत. अण्णारावांच्या घरी चिमणसाळीचा भात शिजायचा. दाणा चिमणीच्या चोचीएवढा, आणि वाफ सुटली की ताज्या कढवलेल्या तुपासारखा घमघमाट. ही वाफ बाटलीत भरायचा मकबूलभाईंनी तीनदा घाट घातला. भट्टी लावली, नळी लावली, बायकोची, म्हणजे वहिदाभाभींची, चांगली पातेली जाळली. तिन्ही वेळा पेज निघाली. तेव्हापासून तो वास हुंगायचा तर धर्माबादची गाडी पकडून अण्णारावांच्या पंगतीलाच बसायचं, हे त्यांनी कबूल केलं होतं.

चिमणसाळ अण्णारावांच्या बायकोची, सरजाबाईंची. त्यांच्या वडलांनी जपलेलं बियाणं. गावात बाकी सगळ्यांनी कंपनीच्या पिशवीतली नवी साळ धरली, सरजाबाईंनी ही सोडली नाही. अण्णाराव मूळचे औशाकडचे, ज्वारी-तुरीच्या रानातले. किल्लारीच्या भूकंपात घर गेलं, आई गेली, धाकटा भाऊ गेला, आणि मग हा माणूस सासुरवाडीला येऊन चिखलात उतरला. मेव्हणा नरसिंग बांधावरून अजून चिडवायचा, "दाजी, साळीला कोळपं मारायचं नसतंय बरं का."

अण्णाराव तेव्हापासून छताखाली झोपले नव्हते. अंगणात पत्रा, पत्र्याखाली बाज, आणि उशाशी पितळी भांड्यांची उलटी उतरंड. लहान भांडं खाली, मोठं वर. जमीन हलली की आधी तिनं पडावं आणि घर जागं करावं. तिला आजवर पाडलं ते फक्त मांजरानं. पण मांजर पाडायचं तेव्हाही अण्णाराव बायको-पोरांना ओढून रस्त्यावर उभं करायचे, आणि शेजारची घरंही कंटाळून आपोआप बाहेर यायची.

मकबूलभाईंची आणि त्यांची ओळखही भूकंपातलीच. नांदेडहून मदतीचा ट्रक निघाला, त्यात हे अत्तराची पेटी घेऊन चढले. लोक हसले. भाकरी न्यावी, चादरी न्याव्या, अत्तर कशाला? तिथं पोचल्यावर कुणी हसलं नाही. ढिगारे उपसणाऱ्यांच्या तोंडाच्या फडक्यांवर त्यांनी सगळी पेटी रिकामी केली. जगातल्या प्रत्येक गोष्टीला शेपूट लावणारे मकबूलभाई ही एक गोष्ट कधी फुगवत नसत. सांगतच नसत.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकीकत. त्याआधी दुष्काळानं चिमणसाळ अर्धी खाल्ली होती, उरलेली करप्यानं. करपा म्हणजे साळीचा रोग. पानावर डोळ्यासारखे ठिपके पडतात, मधे राखाडी, कडेला तपकिरी, आणि बघता बघता वाफा जाळल्यासारखा होतो. आता सरजाबाईंकडं एका गाडग्यात मावेल एवढंच बियाणं उरलं होतं. ते सगळं त्यांनी वाफ्यात टाकलं. एवढं गेलं की चिमणसाळ गेली. परत आणू म्हटलं तर दुसऱ्या कुणाकडं चिमूटभरही नव्हती.

त्याच दिवसांत मकबूलभाई धर्माबादच्या बाजाराला आले. गाडीत त्यांची चमेलीची बाटली सांडली. अस्सल माल, कनौजचा. पेटीतला सगळा कापूस भिजला. टाकवेना, म्हणून त्यांनी तो सरजाबाईंच्या रोपवाफ्याच्या कोपऱ्यात, काटेरी कुंपणावर पिंजून वाळत घातला.

"माझ्या रोपाला काय नवरी करून राहिलेत का, मकबूलभाई?" सरजाबाई म्हणाल्या.

"वैनी, एवढी सुंदर रोपं. दृष्ट लागेल."

"अत्तरानं दृष्ट जाती व्हय?"

"माझ्या आजोबांनी एकदा अख्ख्या बारूळ गावाची दृष्ट..."

"चहा घ्या," सरजाबाई म्हणाल्या.

कापूस तिथंच विसरला. पुढं आभाळ धरून राहिलं, बारीक झिमझिम लागली, आणि वाफ्यावर करपा आला. अण्णारावांचा फोन इतवाऱ्यात वाजला तेव्हा मकबूलभाई एका नवरदेवाला तो कुणाशी लग्न करतोय त्यावर कोणतं अत्तर शोभेल हे समजावत होते.

"मकबूलभाई, वाफा गेला."

"सगळा?"

"तुमच्या कापसाखालचा कोपरा सोडून. तिथं ठिपका न्हाई. बाकी काळं, अन् तिथं हिरवं. मी रेघ मारून ठिवलीय. तुम्ही काय केलतं तिथं?"

मकबूलभाईंना आयुष्यात पहिल्यांदा असा प्रश्न विचारला गेला की ज्याचं उत्तर त्यांच्याकडं तयार नव्हतं. त्यांनी रविवारची वाट पाहिली. रविवारी त्यांच्या नातीला, मनतशाला, फोन मिळायचा. ती लातूरला क्लासच्या हॉस्टेलात राहून डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. दर आठवड्याला चाचणी, चाचणीचे नंबर भिंतीवर. पोरीची वेणी वर्षात निम्मी झाली असं वहिदाभाभी म्हणत.

मनतशानं सगळं ऐकून घेतलं, आणि तिचा आवाज एकदम ताजा झाला.

"नाना, चमेलीच्या वासात एक चीज असते. ती सगळीच झाडं आपल्या अंगात बनवतात. साळसुद्धा. अळीनं पान कुरतडलं, बुरशी आत घुसली, की झाड ती चीज सोडतं. निरोप म्हणून."

"कुणाला निरोप?"

"स्वतःलाच. ह्या पानाचा त्या पानाला. उठा, चोर शिरला. मग पान आपल्या आत कडू औषध गाळायला लागतं. तुमच्या भट्टीसारखंच समजा. ते औषध असलं की करप्याची बुरशी पसरू शकत नाही. चमेलीच्या तेलात पहिल्यांदा सापडली, म्हणून त्या चिजेचं नावसुद्धा चमेलीवरून आहे."

"म्हणजे आपल्या बाटलीनं करपा मारला."

"नाही ना. बाटलीनं काहीच मारलं नाही. बाटलीनं चोर यायच्या आधीच हाक मारली. तेवढा कोपरा जागा होऊन बसला. मारलं ते रोपानं."

"हे क्लासात शिकवतात?"

"क्लासात असे पाच निरोप शिकवले. हा सहावा. सर म्हणाले परीक्षेला येत नाही, सोडून द्या. मी तोच वाचत बसले." मग घाईघाईनं, "पण नाना, एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा..."

मागं शिट्टी वाजली. हॉस्टेलच्या मावशी फोन गोळा करत होत्या. आवाज तुटला.

झालं. मकबूलभाई गाडी पकडून अण्णारावांकडं आले, आणि दोन म्हातारे कोपऱ्यातल्या रोपांसमोर उकिडवे बसले आणि ती एक गोष्ट कोणती असेल याचा विचार करू लागले.

"अस्सल पाहिजे," मकबूलभाई म्हणाले. "तेच म्हणत असणार. बाजारू चमेलीत चमेली कुठं असते? रंग अन् तेल. अस्सलच वापरा, हे सांगायचं होतं तिला."

अण्णारावांनी कुंपणाकडं बघत मान हलवली. "न्हाई. खंड पडू द्यायचा न्हाई, हे सांगायचं असंल. पहारेकरी एक घडी डुलकला की कारभार आटोपला."

"मग दोन्ही करू."

आणि दोघांनी आपापल्या धंद्याची अक्कल त्या एका गोष्टीत ओतली. पुढच्या रविवारी मनतशाची मोठी चाचणी होती, फोन आला तो दोन मिनिटांचा. मकबूलभाईंनी तिला सांगितलं, सब ठीक आहे बेटा, तू अभ्यास कर.

कोपऱ्यातली रोपं ती केवढी. लावणी झाली तर जेमतेम दोन खोल्यांएवढा तुकडा भरला. त्याच्या चारी बाजूंनी आणि मधून आडव्या-उभ्या दोऱ्या ताणल्या, दोऱ्यांना फाये लटकवले. लांबून वाटावं की ढगानं पिलं घातलीत. कनौजची सांडून उरलेली बाटली संपली, तेव्हा मकबूलभाईंनी कपाटातली दुसरी काढली. ती त्यांच्या वडलांची. त्यांच्या स्वतःच्या निकाहात तिच्यातला एक थेंब लावला होता, पोरीच्या निकाहात एक, आणि मनतशासाठी एक राखलेला. वहिदाभाभींनी विचारलं, "आता साळीचा निकाह आहे का?" मकबूलभाई हो म्हणाले आणि गाडीला पळाले. दर बाजाराला ते यायचे, काचेच्या काडीनं एकेका फायाला स्पर्श करायचे, आणि जाताना चिमणसाळीला वाकून सलाम करायचे.

करपा काही आला नाही. शेजारी नरसिंगच्या पिशवीतल्या साळीवर दोनदा फवारणी झाली, इकडं ठिपकाही नाही. मकबूलभाईंनी इतवाऱ्यात जाहीर केलं की धर्माबादेत साळीचं रोप आता वासावरून माणूस ओळखतं, आणि परवा त्यानं तलाठ्याला बांधावरून परत पाठवलं.

पण साळ वाढेना.

पोळा गेला, गणपती गेले. नरसिंगची साळ मांडीला लागली. चिमणसाळ घोट्यावर उभी. रंग गर्द हिरवा, पान ताठ, दृष्ट लागावी अशी तब्येत, आणि फुटवा नाही. एका रोपाशेजारी दुसरी काडी निघायला तयार नाही. जणू सगळं रान श्वास रोखून कशाची तरी चाहूल घेत होतं.

"दाजी," नरसिंग बांधावर बसून म्हणाला, "ही साळ हाय का कोथिंबीर? जुडी बांधून बाजारात तरी न्या."

"मरत तर न्हाई ना," अण्णाराव म्हणाले.

"दगड बी मरत न्हाई, दाजी. पर त्याला लोंबी येती का?"

एरवी अण्णाराव परत काहीतरी हाणायचे. त्या दिवशी उठून एक सैल दोरी ताणायला गेले. मकबूलभाईंच्या ध्यानात आलं की माणूस वाळलाय. डोळे खोल, गालाची हाडं वर. अंगणातली बाज उचलून त्यांनी शेताच्या बांधावर आणली होती. उतरंडसुद्धा.

"राखण," अण्णाराव म्हणाले. आणि कापसाच्या दोऱ्यांकडं तोंड करून बसले.

दसऱ्याला मनतशाला सुट्टी मिळाली. नाना-नात सकाळच्या गाडीनं धर्माबादला उतरले आणि तडक शेतावर गेले. मनतशा बांधावरच थांबली. दोऱ्या बघितल्या, फाये बघितले, चिखलात उतरून एक रोप बोटांनी चाचपलं.

"नाना, हे कधीपासून आहे?"

"लावणीपासून." मकबूलभाई छाती काढून म्हणाले. "अस्सल. एक दिवस खंड नाही."

मनतशानं कपाळाला हात लावला. चिखलाचा ठसा उमटला.

"ती एक गोष्ट हीच होती. हाक एकदाच मारायची. फार तर दोनदा. रोज नाही."

"काहून?" अण्णारावांनी विचारलं.

"अण्णाचाचा, झाडाला वाढ म्हणून सांगणारा निरोप वेगळा असतो. हा चोराचा निरोप आला की वाढीचा निरोप दबतो. पहारा आणि पीक एकाच कणगीतून खातात. हिनं दोन महिने सगळं पहाऱ्यावरच घातलं. हिला वाटतंय चोर घरातच आहे." तिनं बोटांचा चिखल झटकला. "रोज चाचणी घेतल्यासारखं झालंय बिचारीला. ती शिकेल कधी, अन् खाईल कधी?"

मकबूलभाईंनी नातीच्या वेणीकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं नेली.

"मग काय करावं म्हणतीस?"

"हे सगळं काढा. आजच. उशिराची जात आहे ना? अजून वेळ आहे. फुटेल."

"अन् करपा आला तर?" अण्णाराव उठून उभे राहिले. "आता धुई पडायचे दिवस. लोंबी निघाली की तिची मान धरतो तो. मान काळी पडती, मोडती, दाण्यात काय ऱ्हात न्हाई. सगळ्यात वंगाळ वेळ हीच. अन् आत्ताच पहारा काढू? तू लिहून देतीस, येणार न्हाई म्हणून?"

"नाही, चाचा," मनतशा म्हणाली. "तसं मला सांगता येणार नाही."

"मग न्हाई काढायचं."

मकबूलभाईंना वाटलं आता आपणच सांभाळलं पाहिजे. "अण्णाराव, माझ्या आजोबांच्या वेळी एक पहारेकरी होता..."

"मकबूलभाई, आज गोष्ट नको."

इतक्या वर्षांत अण्णारावांनी त्यांची गोष्ट कधी तोडली नव्हती. मकबूलभाई पाय ओढत घराकडं आले. सरजाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"वैनी, तुमचं माणूस काही ऐकत नाही."

"न्हाई ऐकायचं." सरजाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "झोपंना झालंय, तर ऐकंल कसं? घास उतरंना. मी म्हटलं, तो कापूस काढा, तुम्हाला सोसत न्हाई. तर म्हणत्यात, सोसत न्हाई म्हणूनच बरा हाय. वास आला की डोळा लागत न्हाई."

"कोणता वास?"

"तुमची चमेली." त्यांनी वर बघितलं. "तुम्हाला ठाऊक न्हाई?"

मकबूलभाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की अण्णाराव खस घेतात, मोगरा घेतात, चमेलीचा फाया पुढं केला की मान फिरवतात. आवड असते एकेकाची, असं त्यांनी धरलं होतं.

"तिकडं ढिगारा उपसताना तुम्ही त्यांच्या तोंडाच्या फडक्याला लावली व्हती न्हवं? तीच लावून त्यांनी आईला काढलं. भावाला काढलं. तवापासून तो वास आला की त्यांना जमीन हलल्यावानी हुतंय." सरजाबाईंनी भाकरी उलटली. "तुम्हाला सांगू नको म्हणाले. मकबूलभाईनं चांगल्यापायी केलं, त्याला वाईट वाटंल, म्हणाले."

मकबूलभाई चुलीच्या उजेडात आपल्या बोटांकडं बघत बसले. आयुष्यभर नाकाच्या बढाया मारल्या. पुरणातलं जायफळ ओळखलं. आणि समोरच्या ताटावर बसणारा माणूस कशानं दचकतो, हे काही या नाकाला कळलं नाही. वर ते दर बाजाराला काचेच्या काडीनं त्याच्या उशाशी तोच वास ताजा करून येत होते.

ते उठले. चपला न घालताच शेतावर गेले, धोतर खोचून चिखलात उतरले आणि पहिला फाया दोरीवरून तोडला. दुसरा तोडला. तिसऱ्याला हात घालतात तोवर अण्णारावांनी येऊन मनगट धरलं.

"काय करून राहिलात?"

"माझं अत्तर आहे. मी घेऊन चाललो."

"दिलेलं परत घेता?"

"घेतो." मकबूलभाईंनी दुसऱ्या हातानं फाया ओढला. "अण्णाराव, मला सांगायला पाहिजे होतं तुम्ही. मी खस लटकवली असती."

"खसनं साळ जागी झाली असती का?"

"नसती. पण तुम्ही झोपला असता."

अण्णारावांची पकड सुटली नाही. "मी त्या पहाटे झोपलोच व्हतो, मकबूलभाई. गणपती बोळवून आलो, दमलो, पडलो. जागा असतो तर दोघांला भाईर काढलं असतं."

एरवी मकबूलभाईंच्या पोतडीत हत्ती होते, नवाब होते. त्यातला एकही इथं उपयोगाचा नव्हता. ते एवढंच म्हणाले, "मी तिथली घरं बघितलीत, अण्णाराव. दगडमातीच्या भिंती, हातभर रुंद. जागी असलेली माणसंसुद्धा त्यांच्याखालून मेलेलीच निघाली. मी फडकी बांधत होतो, मला माहीत आहे. हे मी कुणाला सांगत नाही."

दोघं तसेच उभे. एकाचं मनगट दुसऱ्याच्या मुठीत, पाय चिखलात.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून दोरी सैल झाली. मग दुसरी. सरजाबाई विळा घेऊन उतरल्या होत्या, आणि फायांच्या माळा कापून कमरेच्या ओच्यात भरत होत्या. मागून मनतशा.

"अगं, काय करतीस?" अण्णाराव म्हणाले.

"तुम्ही त्यांना धरा घट्ट," सरजाबाई मान वर न करता म्हणाल्या. "तवर माझं हुतंय. बियाणं माझ्या बापाचं हाय. मरायचं असंल तर वाढून मरू दे. अशी उभ्यानं वाळायला न्हाई पेरली मी."

कधीतरी अण्णारावांच्या हातून मनगट सुटलं. शेवटची दोरी त्यांच्याच जवळ होती. ती त्यांनी कापली नाही. पण सरजाबाई कापायला आल्या तेव्हा बाजूला सरले.

सगळा कापूस मकबूलभाईंनी डब्यात कोंबून झाकण ठोकलं आणि स्वतःबरोबर नांदेडला नेला. गाडीत शेजारच्यानं विचारलं एवढा कसला वास, तर त्यांनी पहिल्यांदाच नुसतं "चमेली" म्हणून उत्तर दिलं. शेजारचा वाट बघत राहिला, पण पुढं काही आलं नाही.

इकडं साळीनं काही दिवस काहीच केलं नाही. मग एका सकाळी सरजाबाईंना बुडख्याशी पोपटी टोक दिसलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा ठिकाणी दिसलं, तेव्हा सांगावंच लागलं. रोखलेला श्वास सुटावा तसं ते रान सुटलं. रोज बघावं तर कालच्याहून उंच. नरसिंग येऊन उभा राहिला, काही तरी बोलायचं म्हणून म्हणाला, "खत कोणतं घातलं, दाजी?"

"काय बी न्हाई. भ्या काढून घेतलं," अण्णाराव म्हणाले.

मग धुई पडली. पहाटे पाच हातांवरचं दिसेना. आणि एका सकाळी अण्णारावांना पानावर ठिपका दिसला. मग शेजारच्या पानावर. त्यांनी तिथूनच मकबूलभाईंना फोन लावला. मकबूलभाईंनी हॉस्टेलात फोन लावून, नातीचे आजोबा अत्यवस्थ आहेत, असं स्वतःच सांगितलं, आणि मनतशाला बोलावून घेतलं. तिनं परस्पर अण्णारावांना फोन केला.

"चाचा, ठिपका डोळ्यासारखा आहे? मधे राखाडी?"

"न्हाई. नुसता तपकिरी. टाचणीच्या डोक्याएवढा."

"तसाच राहू द्या. उद्या परत बघा."

"अन् वाढला तर? तो डबा धाडायला सांगू का?"

"वाढला तर सांगा."

दुसऱ्या दिवशी अण्णारावांनी तेच पान शोधलं. त्याला त्यांनी दोरा बांधून ठेवला होता. ठिपका तेवढाच. तिसऱ्या दिवशीही तेवढाच. नवे चार आले होते, तेही टाचणीएवढेच थांबलेले. बुरशी शिरत होती आणि दारातच अडत होती.

"चाचा, ती भांडून राहिलीय," मनतशा रविवारच्या फोनवर म्हणाली. "चोर खरंच आला तेव्हा उठली, त्याला तिथंच धरलं. बाकीची पानं आपलं काम करतायत. आता तिला हाक मारायची गरज नाही."

अण्णारावांनी फोन बंद केला. मग उतरंड आवरून, बाज उचलून घरी आले. अंगणातच टाकली, पत्र्याखालीच. पण त्या दिवशी दुपारी जे झोपले ते दिवेलागणीलाच उठले. मांजरानं मधे उतरंड पाडली होती. सरजाबाई म्हणाल्या की यांनी नुसती कूस बदलली.

लोंब्या उशिरा आल्या, आखूड आल्या. काहींच्या माना मोडल्याही. कापणीला मकबूलभाई वहिदाभाभींना घेऊन आले, मनतशाही आली. झोडपून, वारवून खळ्यावर जी रास पडली ती बघून नरसिंग म्हणाला, "एका कोंबडीचं जेवण हाय." पण बोलताना त्याची नजर राशीवरून हलत नव्हती.

सरजाबाई राशीपुढं बसल्या. मूठ भरून नाकाशी नेली, आणि मग सुपानं वाटे घालायला लागल्या. एक, दोन, तीन, चार.

"वाटे कशाला?" अण्णाराव म्हणाले. "सगळं घरात ठिवू. उतरंडीत नीट ऱ्हाईल."

"एकाच घरात ठिवलं म्हणून तर जीव टांगणीला लागला." त्यांनी पहिलं सूप नरसिंगपुढं सरकवलं. "नरश्या, हे तुझं. तुझ्या वरच्या वावरात लाव. शिजवून खाल्लंस तर माझ्या दारात येऊ नको."

नरसिंगनं डोक्याचा रुमाल सोडून खाली पसरला.

दुसरं मनतशाला. "तुझ्या लातुरात कुणी जाणता असंल, ह्या निरोपाबिरोपाचं काम करणारा, त्याला दे. अन् तूबी शिक त्याच्याकडं. तुझ्या परीक्षेला येऊ दे न्हाईतर न येऊ दे."

मनतशानं नानांकडं बघितलं. मकबूलभाई आभाळाकडं बघत होते. मग म्हणाले, "डॉक्टर झाली असतीस तर माणसांच्या नाड्या बघितल्या असत्यास. साळीला नाडी नसते असं कुणी म्हटलंय?"

चौथं घरच्या बियाण्याला ठेवून, तिसरं सूप सरजाबाईंनी मकबूलभाईंपुढं केलं.

"वैनी, माझ्याकडं कुठलं वावर? दुकानात मी मावत नाही."

"मागं मोरी हाय न्हवं?"

"मोरीत साळ लावू?"

"मोरीचं पाणी जिकडं जातं, तिथं लावा. चार काड्या उभ्या राहिल्या तरी रगड झालं. अन् त्यांच्यापुढं अत्तर उघडायचं न्हाई."

"तिथं ऊन पण येतं, दुपारचं," वहिदाभाभी मधेच म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात जागा ठरूनसुद्धा गेली होती. "तुमची ती जळकी पातेली अजून पडून आहेत. त्यातच माती भरू."

मकबूलभाईंनी खांद्यावरचं उपरणं पसरलं. सरजाबाईंनी त्यात सूप ओतलं. गाठ मारताना दोन दाणे खळ्यावर सांडले, ते अण्णारावांनी वाकून उचलले आणि मकबूलभाईंच्याच गाठोड्यात टाकले.